जुन्या बोलेरोचे मागचे पाटे: आधी काय तपासायचं, मग काय बदलायचं

जुनी बोलेरो मागून बसली की गावोगावी एकच इलाज सुचवला जातो, "एक पाटा (मागच्या स्प्रिंगमधली पोलादी पट्टी) वाढवून घ्या." गाडी त्याच संध्याकाळी उंच दिसायला लागते आणि मालकाचं समाधान होतं. पण मागून खटखट येत असेल, गाडी एका अंगाला कलली असेल किंवा ब्रेक दाबल्यावर मागची बाजू सरकत असेल, तर पाटा वाढवून यातलं काहीच जात नाही. माझं ठाम मत आहे की या गाडीच्या मागच्या दुखण्यात पाटे शेवटी बघायचे. आधी यू-बोल्ट (पाटे आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट), मग बुश (सांध्यातलं रबर) आणि शॅकल (पाट्याचं मागचं टोक लटकवणारी झुलती कडी), मग शॉकअप, आणि ते सगळं ठीक असेल तरच पाटे.

हे सगळं २००० सालापासून रस्त्यावर असलेल्या मूळ बोलेरोबद्दल आहे, जिच्या मागे एकसंध हाऊसिंग (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारं ॲक्सलचं लोखंडी कवच) आणि पाट्याची कमान (एकावर एक रचलेल्या पाट्यांची स्प्रिंग) आहे. बोलेरो निओ नावाने सारखी असली तरी तिच्या मागे कॉइल स्प्रिंग आहेत. सामान घेताना दुकानात हे स्पष्ट सांगावं. पिकअपचे पाटे तर या गाडीला मुळीच घालू नयेत. ते मालवाहू गाडीसाठी केलेले असतात, रिकाम्या बोलेरोत ते वाकतच नाहीत आणि सगळा धक्का चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) हँगरवर, म्हणजे पाटा अडकवायच्या ब्रॅकेटवर, जातो.

कमान काम कशी करते ते आधी डोळ्यासमोर आणू, कारण बिघाड त्यावरूनच ओळखता येतो. सगळ्यात लांब असतो तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना गोल वळवलेले डोळे असतात आणि त्यात बुश बसतात. पुढचा डोळा चासीच्या हँगरला थेट बोल्टने धरलेला असतो. मागचा डोळा शॅकलला लटकतो, कारण वजन आलं की कमान सपाट होते, तिची लांबी वाढते आणि ती वाढ शॅकल मागे झुलून सामावून घेतं. म्हणजे गाडी पुढे ढकलण्याचं आणि ब्रेक दाबल्यावर हाऊसिंग जागेवर धरण्याचं सगळं काम पुढच्या डोळ्यावर येतं. सगळे पाटे मधोमध सेंटर बोल्टने एकत्र बांधलेले असतात. त्या बोल्टचं गोल डोकं हाऊसिंगच्या पॅडमधल्या, म्हणजे कमान टेकते त्या सपाट बैठकीतल्या, भोकात बसतं. पण हाऊसिंगला कमानीशी आवळून धरतात ते यू-बोल्टच. सेंटर बोल्टचं काम जागा दाखवण्याचं आहे, ताकद सोसण्याचं नाही. यू-बोल्ट सैल पडला की ती सगळी ताकद त्या बारीक बोल्टवर येते आणि तो कातरला जातो.

तपासणीचा क्रम

गाडी सपाट फरशीवर, रिकामी, चारही टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून उभी करा. मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज त्यात मिसळते, म्हणून चाकाच्या मध्यापासूनच मोजायचं. दोन बाजूंत दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कारण शोधायलाच हवं.

पण मागे फरक दिसला म्हणजे दोष मागचाच, असं नाही. पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चासीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या दांडीच्या) बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची बाजू थोडी उचला, म्हणजे ती एकाच बिंदूवर तोलली जाईल. आता कल नाहीसा झाला तर दोष पुढे आहे. कल तसाच राहिला तर मागचे पाटे बघा. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि ती न करताच मागचे पाटे उतरवले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. ही करताना मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि गाडीखाली कोणी जाऊ नये.

मग दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, स्टिअरिंग सरळ ठेवून. ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या तर मोजणं सोपं जातं. डाव्या-उजव्या अंतरात पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे बहुधा एका बाजूला हाऊसिंग मागे सरकलं आहे. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते. मागून येणाऱ्याला तिची चारही चाकं एका रेषेत दिसत नाहीत. कारणं साधारण तीन. सेंटर बोल्ट तुटलेला, पुढच्या डोळ्याचा बुश संपलेला, किंवा हँगरचं भोक घासून लांबट झालेलं.

आवाज वेगवेगळे ओळखायला शिकलं की अर्धं काम होतं. गिअर टाकून क्लच सोडताना किंवा ब्रेक दाबताना एकदाच 'कट्' असा आवाज येत असेल, तर पुढचा बुश किंवा यू-बोल्ट. पण प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधाही, अगदी असाच आवाज करतो. म्हणून चाकांना ठोकळे लावून, गिअर न्यूट्रल करून आणि हँडब्रेक सोडून शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळून बघा. क्रॉसमध्ये ढिलाई असेल तर हाताला लगेच कळते. बारीक खड्ड्यांवर सतत खटखट येत असेल तर शॉकअपच्या डोळ्याचं रबर. सावकाश स्पीडब्रेकर ओलांडताना कुरकुर येत असेल तर पाट्यांची टोकं एकमेकांवर कोरडी घासत आहेत, किंवा शॅकल गंजून जाम झालं आहे. मोठ्या खड्ड्यात 'धाड्' असा आवाज आला तर हाऊसिंगच्या वरचं बंप स्टॉपरचं रबर निघून गेलेलं असतं. ते स्वस्त रबर बहुतेक जुन्या गाड्यांत जागेवर नसतं आणि कोणी ते बघतही नाही.

बुश तपासायला लांब टॉमी (लोखंडी पहार) घ्या. डोळा आणि हँगरच्या मध्ये ती घालून हळू उचका. रबर दाबलं जाऊन परत आलं तर चांगलं. लोखंडावर लोखंड हललं, किंवा रबराचा भुसा बाहेर आलेला दिसला, तर बुश गेला. शॅकलचा कोनही बघा. रिकाम्या गाडीत ते किंचित मागे झुकलेलं असावं. पूर्ण मागे पडून चासीला टेकायला आलं असेल तर पाटे बसले आहेत. आणि ते हलतच नसेल, तर पाटे चांगले असूनही गाडी दगडासारखी कडक चालते.

शॉकअपवर तेलाचा हलका ओलसर थर असणं चालतं. तेल ओघळून खाली धूळ चिकटली असेल तर तो संपला. बंपर दाबून गाडी हलवण्याची परीक्षा पाट्याच्या गाडीत फसवी ठरते, कारण पाट्यांचं आपसातलं घर्षणच गाडी थांबवतं. त्यापेक्षा मागच्या टायरवर हात फिरवा. ठिकठिकाणी खळगे-उंचवटे जाणवले तर चाक रस्त्यावर उड्या मारत होतं, म्हणजे शॉकअप काम करत नव्हता.

तुटलेला पाटा काय सांगतो

पाटा कुठे तुटला यावरून कारण कळतं, म्हणून तुटलेला तुकडा फेकू नका. सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर यू-बोल्ट सैल होते. नीट आवळलेल्या कमानीत त्या जागेवर वाकणं होतच नाही. यू-बोल्टच्या कडेला तुटला तर वजन जास्त वाहिलं गेलं, किंवा पाटा थकला. डोळ्याजवळ तुटला तर शॉकअप निकामी, क्लिपा तुटलेल्या किंवा बुश जाम, यांपैकी काहीतरी. मोडलेला भाग बघा. काही भाग गंजलेला आणि काही चकचकीत करडा असेल तर भेग जुनी होती, शेवटचा झटका फक्त आता बसला. नुसता पाटा बदलून मूळ कारण तसंच ठेवलं तर नवा पाटाही त्याच जागी तुटतो.

पाट्यांना बांधणाऱ्या क्लिपांकडे दुर्लक्ष होतं. गाडी खड्ड्यातून उसळी घेऊन वर येते तेव्हा खालचे पाटे मेन पाट्यापासून सुटू नयेत, म्हणून त्या असतात. क्लिप नसली की उसळीचा सगळा भार एकट्या मेन पाट्यावर येतो.

सुटे भाग

भाग नेहमी दोन्ही बाजूंचे बदलायचे, हा नियम पाळा. चार यू-बोल्ट आणि त्यांचे आठ नट, दोन सेंटर बोल्ट, शॉकअपची जोडी त्यांच्या रबरांसह, दोन बंप स्टॉपर. बुशच्या जागा एका बाजूला तीन: पुढचा डोळा, मागचा डोळा आणि शॅकलचं चासीकडचं टोक. दोन्ही मिळून सहा. काही ठिकाणी बुश दोन अर्ध्या तुकड्यांत येतो, तेव्हा नग दुप्पट लागतात. हँगरचे आणि शॅकलचे बोल्टही नवेच घ्या, कारण जुने मधे घासून बारीक झालेले असतात.

जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते आवळताना ताणले जातात आणि तो ताणच पकड देतो. एकदा ताणून सोडलेला बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही, शिवाय गंजलेल्या आट्यांवर टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) खोटा आकडा दाखवतो. साध्या गजाला आटे पाडून केलेला यू-बोल्ट घेऊ नका. सेंटर बोल्टच्या बाबतीत एक चूक फार होते. हार्डवेअरच्या दुकानातला षटकोनी डोक्याचा बोल्ट घातला जातो. पॅडचं भोक गोल डोक्यासाठी असतं, त्यात षटकोनी डोकं सैल बसतं आणि हाऊसिंग सरकायला वाट मिळते.

बुश रबराचाच घ्या. नायलॉनचा बुश स्वस्त असतो, पण तो बोल्ट खातो आणि रस्त्याची थरथर आत आणतो. घरच्या वापराच्या गाडीला तो योग्य नाही.

काम

मागची चाकं उचलली की हँडब्रेक निरुपयोगी होतो, कारण तो मागच्याच चाकांवर चालतो. म्हणून आधी पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळ्यांची उटी लावा आणि गाडी सपाट, पक्क्या जमिनीवरच घ्या. चासी पुढच्या हँगरच्या पुढे घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर) टेकवा, हाऊसिंगवर नव्हे. हाऊसिंगखाली वेगळा जॅक ठेवा, त्याने ते हवं तसं वर-खाली करता येतं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बांधलेली असली की हाऊसिंग फिरत नाही.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. शॉकअपचं खालचं टोक सोडा. ब्रेकच्या रबरी नळीवर आणि हँडब्रेकच्या केबलवर लक्ष ठेवून हाऊसिंग खाली घ्या. हाऊसिंगचं वजन नळीवर कधीही येऊ देऊ नका. ज्या गाड्यांत हाऊसिंगपासून चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हपर्यंत (भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या) दांडी असते, तिचं टोक सोडण्याआधी तिची जागा रंगाने खुणावून ठेवा. पॅड आणि कमान यांच्यामध्ये उतरती पट्टी असेल तर तिची जाड बाजू कुठे होती तेही खुणावा. ती उलटी बसली तर शाफ्टचा कोन बिघडतो आणि गाडी वेगात थरथरते.

यू-बोल्ट निघत नसतील तर ग्राइंडरने कापा. डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइप ओल्या गोणपाटाने झाका, शेजारी अग्निशामक ठेवा. गॅसची ज्योत कमानीजवळ आणू नका. पाट्याचं पोलाद ठरावीक तापमानाला पाणी देऊन केलेलं असतं, ज्योत लागली की ती जागा मऊ पडते.

सगळ्यात वेळखाऊ काम जाम झालेल्या बोल्टचं. बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. नट निघतो, डोकं फिरतं, पण बोल्ट बाहेर येत नाही. हातोड्याने ठोकत बसलात तर हँगर वाकतो. डोळा आणि हँगरच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापणं हाच शहाणपणाचा मार्ग. नंतर कमान खाली उतरवून बुश प्रेसवर काढा. प्रेस नसेल तर लांब आट्यांचा रॉड, दोन जाड वॉशर आणि योग्य मापाची दोन सॉकेट पुरतात. बाहेरची लोखंडी नळी डोळ्यातच राहिली तर तिच्या भिंतीला करवतीने एक चीर पाडा आणि छिन्नीने आत वळवा, डोळ्याला मात्र ओरखडा येऊ देऊ नका. रबर जाळून काढण्याची पद्धत सोडून द्या. डोळाच तापतो.

कमान उतरलेली असतानाच चासीचे हँगर ब्रशने घासून, धुऊन, बॅटरीच्या उजेडात बघा. भेग असेल तर ती रिव्हेटच्या किंवा वेल्डिंगच्या कडेला केसासारखी दिसते. हँगरचं भोक लांबट झालं असेल तर नवा बुश घालून उपयोग नाही, आधी हँगर दुरुस्त करावा लागतो.

पाटे सोडवायचे असतील तर सेंटर बोल्ट उघडण्याआधी दोन्ही बाजूंना शिकंजा लावा, नाहीतर पाटे जोरात उघडतात आणि बोटं जातात. प्रत्येक पाटा घासून, भेग बघून परत रचा. दोन्ही कमानींची मोकळी खोली मोजा. एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणून ती मेन पाट्यापासून मधोमध किती दूर राहते ते बघा. दोन बाजूंत पाच-सहा मिलिमीटरच्या आत फरक हवा.

नवे रबरी बुश साबणाच्या पाण्याने बसवा, ग्रीसने नको. कमान जागेवर लावा, सेंटर बोल्टचं डोकं भोकात पूर्ण बसल्याची खात्री करा. यू-बोल्टचे चारही नट आडव्या-तिडव्या क्रमाने तीन टप्प्यांत आवळा, मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलसाठी दिलेल्या टॉर्कपर्यंत. एकच नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलात तर पॅड तिरकं बसतं.

आता या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हाताने घट्ट करा. चाकं लावा, गाडी खाली घ्या, दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, मागे दाबून हलवा, आणि चाकांवर पूर्ण वजन असतानाच बोल्ट अखेरचे आवळा. रबरी बुश घसरत नाही, तो पिळला जातो. आतली नळी बोल्टने आवळली की तीच त्याची शून्य जागा ठरते. हवेत आवळला तर गाडी खाली येताच तो पिळलेल्या अवस्थेत अडकतो, कायम ताणाखाली राहतो आणि लवकर फाटतो. चांगल्या कंपनीचे बुश चार-सहा महिन्यांत गेले अशी तक्रार ऐकली की माझा पहिला प्रश्न हाच असतो, बोल्ट कुठे आवळले, वर की खाली?

नवा शॉकअप लावण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढा आणि दाबा. दुकानात आडवा पडून त्यात हवा शिरलेली असते, ती निघते.

पाटा वाढवायचा की ठोकून घ्यायचा

पाटे खरोखर बसलेच असतील तर तीन वाटा आहेत. माझी पसंती नव्या जोडीला. दुसरी वाट कमान चढवण्याची, म्हणजे बसलेल्या पाट्यांना परत बाक देण्याची. इथे कारागीर कसं करतो ते विचारा. पाटा पूर्ण तापवून, वाकवून, तेलात विझवून परत ठरावीक तापमानाला तापवला तर तो टिकतो. थंड पाट्यावर हातोडा मारून आणलेली कमान लवकर परत बसते, आणि हातोड्याच्या प्रत्येक खुणेपासून भेग सुरू होऊ शकते.

तिसरी वाट जास्तीच्या पाट्याची. गाडी रोज भरून चालत असेल, म्हणजे मागे कांद्याच्या गोण्या, खतं, माणसं, तर तिला अर्थ आहे. रिकामी चालणाऱ्या गाडीत ती नको. गाडी उंच झाली की जुना शॉकअप लांबीला कमी पडतो, उसळीत तो शेवटपर्यंत खेचला जातो आणि त्याची दांडी किंवा डोळा तुटतो. प्रोपेलर शाफ्टचा कोनही बदलतो. आणि ब्रेक व्हॉल्व्हच्या दांडीला मागची बाजू उंच झाली म्हणजे गाडी रिकामी आहे असं वाटतं, म्हणून ती मागच्या ब्रेकचा दाब कमी करते. गाडी भरलेली, आणि मागचे ब्रेक अर्धवट. घाटात ही गोष्ट जीवावर बेतू शकते. पाटा वाढवलाच तर दांडीची जुळणी करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. हेडलाइटही खाली वळतात, तेही जुळवा.

पावसाळ्याआधी सर्व्हिसिंगला गाडीखाली जळकं ऑइल फवारायची पद्धत कोकणापासून विदर्भापर्यंत आहे. चासीला गंज कमी लागतो हे खरं, पण त्या तेलाने बुशचं रबर फुगतं आणि गळतं. फवारायचंच असेल तर बुश, ब्रेकच्या नळ्या आणि ड्रम झाकून फवारायला सांगा. पाट्यांच्या टोकांमध्ये प्लास्टिकची पॅड नसतील तर ग्राफाइट ग्रीस लावा, पॅड असतील तर काहीच लावू नका. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी पावसाळा संपल्यावर पाट्यांच्या फटी गोड्या पाण्याने जोरात धुवाव्यात.

काम झाल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा त्याच टॉर्कला आवळा. नवा रंग आणि पाट्यांमधली धूळ दबल्याने ते थोडे सैल होतातच. हजार किलोमीटरला आणखी एकदा तपासा, आणि त्याच वेळी मागची उंची पुन्हा मोजून पहिल्या मापांशेजारी लिहून ठेवा. नवे पाटे सुरुवातीला थोडे बसतात. दोन्ही बाजू सारख्या बसल्या असतील तर काळजी नाही. एकच बाजू उतरली असेल तर त्या बाजूचे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट आधी बघा.